खंडोबाच्या पायाखालचा आकडा

रविवार, २० नोव्हेंबर १९६६

ही डायरी सुगंधाबाई कोठाऱ्यांनी दिली. त्यांचे यजमान तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर इंजिनिअर आहेत. साहेबांना ती नववर्षाला फुकट मिळाली होती. नोव्हेंबर उजाडला तरी आत फक्त त्यांचे नाव होते. "कासारमामा, तुम्हाला होईल," बाई म्हणाल्या. मी म्हटले, होईल. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आहे, अक्षर बरे आहे, आणि पन्नाशी जवळ आली की माणसाच्या पोटात न बोललेले बरेच साठते.

तर पहिली गोष्ट ही की माझा डावा गुडघा कामातून चालला आहे. बांगड्यांची पेटी डोक्यावर आणि माळा खांद्यावर घेऊन मी बोईसर, तारापूर, चिंचणी ही वाट तरुणपणापासून तुडवतो आहे. आता बोईसर स्टेशनाजवळ एकनाथराव नवे गाळे बांधत आहेत. केंद्रामुळे परगावची बिऱ्हाडे येतात, त्यांच्या बायका दुकानात जाऊन बांगड्या भरतात. एक गाळा मिळाला तर गादीवर बसून उरलेले आयुष्य शांतपणे काढावे, अशी माझी इच्छा आहे. अनामत आठशे रुपये. माझ्यापाशी त्याचा चौथा हिस्साही नाही. एकनाथराव म्हणाले, "तुमच्या खंडोबाच्या सटीपर्यंत थांबतो. पुढं नाही." सट म्हणजे चंपाषष्ठी, यंदा अठरा डिसेंबरला आहे.

सोजराला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितले. ती म्हणाली, "बसाल हो. पण बोलाल कुणाशी?" बायकांना धंद्यातले कळत नाही.

बुधवार, २३ नोव्हेंबर

तारापूरच्या कोळीवाड्यात चंद्रकांताचा हिरवा चुडा भरला. पुढल्या आठवड्यात तिचे लग्न. मिठात काम केलेला हात, बोटांची पेरे ताठ. बांगडी अंगठ्याच्या हाडावरून जाताना दुखते, म्हणून मी तेवढ्या वेळी नेहमी सांगतो, "देवाचं नाव घे." देवाचे नाव घेताना हात आपोआप सैल पडतो, हा माझा अनुभव आहे.

चंद्रकांताने डोळे मिटले आणि म्हणाली, "जानू."

जानू तिच्या नवऱ्याचे नाव. अजून झालेलाही नाही. सगळी आळी हसून बेजार. म्हातारी येसूबाई बोंबील उलटायचे सोडून आली. "काय गं, लगीन व्हायचं हाय ना अजून? आतापासून देव झाला तो?" त्या गडबडीत एक बांगडी वाढवली. फुटली असे आम्ही म्हणत नाही, वाढवली म्हणतो.

मग येसूबाईने मला धरले. "पंढरी, बोईसरला दुकान घालतोस म्हन."

"घालीन म्हणतो, मावशी. गुडघा चालत नाही."

"बरं. मंग आमी हात पोस्टानं धाडू काय तुला?"

फार दगदग झाली. दुपारी निघायचे ते दिवेलागणीला निघालो. वेळ कसा गेला ते कळले नाही. आता हे फिरणे पुरे.

शनिवार, २६ नोव्हेंबर

आज विलक्षण घडले. नीट लिहितो.

सुगंधाबाईंच्या बांगड्या भरायला त्यांच्या बिऱ्हाडी गेलो होतो. कोठारे साहेबांना जुनी नाणी जमवण्याचा नाद आहे. साबणाच्या वड्या ठेवाव्या तशी नाणी डब्यांत ठेवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. आज ते खुशीत होते. मुंबईत एका लिलावात चांदीचे एक विलायती नाणे तीन हजार आठशेला गेले. त्या जातीच्या नाण्याला एवढी बोली आजवर लागली नव्हती म्हणे. त्यांनी मला पुस्तकातला त्याचा फोटो दाखवला.

फोटो पाहिला आणि मी बसल्या जागी हात जोडले.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"हा आमचा खंडोबा आहे."

उधळलेला घोडा, वर उघडी तलवार घेतलेला देव, पाठीवर उडणारा शेला, घोड्याच्या टापांखाली दैत्य. आमच्या देव्हाऱ्यातला टाक हुबेहूब असाच आहे. साहेबांनी चष्मा काढला. "कासारमामा, हा विलायतेतला एक संत आहे. खाली दैत्य नाही, पंखांची सुसर आहे."

मी म्हटले, "आमच्याही दैत्याला शेपूट आहे. वडील सांगायचे, दैत्य कुठलेही रूप घेतात."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग हळूच विचारले, "तुमच्याकडे केव्हापासून आहे?"

"सात पिढ्या."

त्यांना खोकला आला. हे नाणे पाडून ऐंशी वर्षेसुद्धा झाली नाहीत, असे ते म्हणाले. इतर बाबतींत हुशार माणूस आहे.

रविवार, २७ नोव्हेंबर

सकाळी पूजेच्या वेळी टाक निरखून पाहिला. हळदीची पुटे चढली आहेत, मागची बाजू लाखेने तांब्याच्या पत्र्यावर बसवलेली आहे. पण घोडा तोच.

सोजराला सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्याच्यापाशी म्हाळसा का नाही, हे मी लग्न होऊन आले तेव्हाच विचारलं होतं. तुमच्या आई म्हणाल्या, ती चुलीपाशी आहे. मला वाटलं मलाच म्हणतात."

मी दिवसभर विचार केला. झिजलेला टाक मोडून नवा करून आणण्याची रीत आहेच. देव टाकात नसतो, भावात असतो. भाव म्हटले की दोन अर्थ होतात, तेवढे सोडले तर यात गैर काही नाही. शिवाय गाळ्याची मुदत सटीची, टाक खंडोबाचा आणि बोली नेमकी याच महिन्यात. हा योगायोग म्हणवत नाही.

"मग देवानं सांगितलं म्हणता, मला विका?" सोजरा.

"सांगितले नाही. सुचवले."

"जुना टाक नदीत सोडतात. कोठाऱ्यांकडे नाही सोडत."

बुधवार, ३० नोव्हेंबर

तारापूरला येसूबाईला सहज बोललो की आमचा खंडोबा विलायती निघतो की काय. ती म्हणाली, "असाच घोडेवाला एक पैसा माज्या सासूकडं होता. बोटीवरच्या गोऱ्या सायबानं ताज्या पापलेटाचा दिलेला. सासूनं तो तुज्या आज्याला दिला, डझनभर बांगड्या भरल्या न् वर एक मागून घेतली."

म्हातारी थकली आहे. तिच्या बोलण्यात काही तथ्य नाही. तरी घरी येईपर्यंत तेच डोक्यात होते, कारण आजोबा वर एक बांगडी देत असत, हे खरे आहे.

रविवार, ४ डिसेंबर

कोठारे साहेब सुटीचे पालघरला आमच्या घरी आले. बाहेर चपला काढल्या, देव्हाऱ्याला नमस्कार केला. मला बरे वाटले. मी पत्रा निखाऱ्यावर धरला, लाख सुटली आणि टाक हातात आला. वजनदार चांदी. मागची बाजू इतकी वर्षे लाखेत असल्यामुळे जशी पाडली तशी होती. त्यावर एक बाई. गोल चेहरा, डोक्यावर पदर, पदरावर इवलासा मुकुट.

"बया," सोजरा म्हणाली, "ही बघा म्हाळसा." आणि साहेब हां हां म्हणेपर्यंत तिने बाईला हळदीकुंकू लावले.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "वहिनी, ही राणी व्हिक्टोरिया आहे."

बेचाळीस साली चले जावच्या दिवसांत माझ्या वडिलांनी याच देवापुढे तळी भरली होती, की इंग्रजांना घालव. आणि राणी पाठीला चिकटलेली.

"गेले ना पण?" सोजरा म्हणाली. "पाठीमागून तिनंच ऐकलं असेल."

साहेबांनी भिंग काढून घोड्याची बाजू तपासली. घोड्याच्या पायाखाली रेघ आहे, रेघेखाली साल. एक, आठ, आठ, आणि पुढे काही नाही. सारवल्यासारखे गुळगुळीत.

साहेब म्हणाले, "शेवटचा आठ असेल तर त्या लिलावातल्यासारखं. त्या सालची थोडी पाडली होती. दुसरा कुठलाही आकडा असेल तर चांदीच्या भावाहून थोडं वर. बाकी नाणं इतकं बरं आहे, मग नेमकं एवढंच कशानं झिजलं?"

मी टाक त्यांच्या हातून घेऊन पाटावर ठेवला आणि रोजच्यासारखी अनामिका टेकवली. बोट बरोबर त्या जागी बसले. रोज सकाळी मी तिथेच गंध लावतो आणि आधी जुने पुसून काढतो. माझ्याआधी वडील लावत.

"पण पायाशीच कशाला लावायचं?" साहेब कळवळून म्हणाले.

"मग काय देवाच्या डोक्यावर बसायचं?" सोजरा म्हणाली.

अनामिकेने अनामत खाल्ली. साहेब गेल्यावर मी म्हटले, "आकडा झिजला."

"झिजला काय म्हणता," ती म्हणाली, "कासार ना तुम्ही. वाढवला म्हणा."

सोमवार, ५ डिसेंबर

काही लिहावेसे वाटत नाही. पूजा केली. गंध लावताना बोट हवेतच थांबले, मग घोड्याच्या मानेला लावले. देव अवघडल्यासारखा दिसला.

गुरुवार, ८ डिसेंबर

पालघरच्या बाजारात ओळखीचा एक सोनार आहे. त्याला टाक सहज दाखवला. हो, सहजच. देव दाखवण्यात पाप नाही.

तो म्हणाला, "एवढंच ना? टोचणीनं आकडा उठवून देतो. वर काजळी चोळली की आजोबांच्या वेळचा. कुठला आकडा पाहिजे?"

आठ की नऊ, हे मला ऐन वेळी आठवेना. साहेबांच्या बोलण्याच्या वेळी मी राणीकडे पाहत होतो.

घरी येताना विचार केला. तिथे आठच होता, असे धरून चालू. मग तो पुन्हा काढणे म्हणजे खोटे नव्हे, डागडुजी आहे. देवळाचा कळस पडला तर आपण तो चढवतोच. आठ नव्हताच, असे धरले तर मात्र मन पुढे जात नाही. म्हणून मी ते धरले नाही.

शनिवार, १० डिसेंबर

बोईसरला साहेबांकडे गेलो. विषय चतुराईने काढला. आधी हवापाण्याचे बोललो, मग बांधकामाचे, मग म्हटले, "साहेब, बायको विचारत होती, तो महागाचा आकडा कुठला होता?"

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. "वहिनी विचारत होत्या?"

"तिला फार चौकशा."

"आठ. आठ होता." आणि चहा आल्यावर कपाकडे पाहत म्हणाले, "मामा, आमच्या नादात एक गंमत असते. कुणी नवा आकडा कोरला तर भिंगाखाली लगेच दिसतो. कलप लावलेल्या मिशीसारखा. लोक हसतात, पण तोंडावर कुणी बोलत नाही." मग म्हणाले, "आहे तसं नाणं मला द्यायचं झालं तर साठ रुपये देईन. चांदीपेक्षा जास्तच आहेत."

कलपाचे त्यांनी मध्येच का काढले, कळले नाही. माझी मिशी तर पांढरी आहे.

सोमवार, १२ डिसेंबर

उद्यापासून खंडोबाचे नवरात्र. उद्या सकाळी देव घटी बसायला हवा, म्हणजे जे करायचे ते आजच. आंघोळ करून, टाक धोतराच्या सोग्यात बांधून सोनाराकडे गेलो. सोजराला म्हटले, टाक उजळून आणतो. ती म्हणाली, "चिंच घरात आहे." मी ऐकले न ऐकलेसे केले.

सोनाराने टाक लाकडी ठोकळ्यावर ठेवला. म्हणाला, "घट्ट धरा, सरकला तर आठाचा तीन होईल." मी दोन्ही हातांनी धरला. बाईचा हात धरतो तसाच, अंगठा खाली आणि बोटे वर. त्याने टोचणी टेकवली, हातोडी उचलली. मी टाकाकडे पाहत होतो आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेले,

"देवाचं नाव घे."

सोनार म्हणाला, "काय?"

हे मी कुणाला म्हणालो? ज्याचा हात धरतो त्याला म्हणतो, आजवर दुसऱ्या कुणाला म्हणालेलो नाही. आणि देवाने कुणाचे नाव घ्यायचे?

मी टाक उचलला. सोनार म्हणाला, "अहो, भिता कशाला, त्याला काय दुखतंय?" मी म्हटले, "असू दे." त्याने कामाचे काही घेतले नाही. मी बाहेर पडलो तेव्हा तो शेजारच्याला सांगत होता की कासार पिसाळला. शक्य आहे.

सोजराने टाक पाहिला, पायाशी बोट फिरवले, गुळगुळीत लागले. चिंचेचा गोळा पुढे ठेवला आणि म्हणाली, "बसा, उजळा आता." तिने काही विचारले नाही, यावरून तिला काहीच कळले नाही असे दिसते.

गुरुवार, १५ डिसेंबर

कोठारे साहेबांना निरोप दिला की टाक द्यायचा नाही. तीन हजार आठशेला देव द्यायला मी तयार झालो होतो आणि साठ रुपयांना द्यायचा म्हटल्यावर मला देवाचा अपमान वाटला. हे मला भूषणावह नाही, म्हणून लिहून ठेवतो.

तिथूनच एकनाथरावांकडे गेलो आणि जमत नाही म्हणून सांगितले. ते म्हणाले, "बरं झालं आधी सांगितलंत. एक फोटोवाला मागं लागलाय." फोटोवाला तिथेच उभा होता. कुठे काय ठेवायचे ते हाताने दाखवत होता. मी ज्या भिंतीला माळा टांगणार होतो, तिथे त्याचा पडदा येणार. मी त्याला शुभेच्छा दिल्या. पायऱ्या उतरताना गुडघ्यातून कळ आली. ती आता कायमची सोबतीण.

शनिवार, १७ डिसेंबर

तारापूरला गेलो. चंद्रकांता माहेरी आली होती, चुडा अजून पुरा होता. येसूबाईने लांबूनच हाक मारली, "आला रं आला, देव इकणारा आला."

"मावशी, विकला नाही."

"नाय ना? बरं झालं. त्यो आमच्या पापलेटाचा देव हाय. इकला असतास तर निम्मे पैशे मागाया येनार होती मी." मग हात पुढे केला. "भर. आन् वर एक दे, तुजा आजा द्यायचा."

दिली. तिने माझ्या गुडघ्याला मुशी माशाचे तेल चोळायला लावले. सगळ्या बायकांनी एकदम उपाय सांगितले, त्यातले दोन ऐकताना मी लाजलो. चंद्रकांताला विचारले, नवऱ्याचे नाव आता घेतेस का. ती म्हणाली, "आता कशाला? आता दुखत नाय."

पेटी आज हलकी वाटली. माल कमी भरला असावा.

रविवार, १८ डिसेंबर

आज सट. सोजराने भरीत-रोडग्याचा नैवेद्य केला. मनोरहून लेक मंदा आली आहे. घट उठवले, तळी भरली.

एक अडचण राहिली होती, ती आज निघाली. टाकाला आता लाख नाही. मी लाख आणून ठेवली होती, पूर्वीसारखा पत्र्यावर बसवावा म्हणून. सोजराने लाख उचलून फळीवर ठेवली. म्हणाली, "ऐंशी वर्षांनी उजेडात आलीय ती. तिला परत तोंड दाबून बसवायचं नाही."

मी म्हटले, "अगं, ती राणी आहे. इंग्रजांची."

"असेल. लग्नाआधी मीही कुणाची कोण होते. खंडोबाच्या पाठीला पाठ लावून राहिली, म्हाळसाच झाली."

"सात पिढ्यांचा देव म्हणत आलो मी. साहेब म्हणतात ऐंशी वर्षंही नाहीत."

"देव नवा असेल. नमस्कार काही कमी झालेत का?"

मग वाटणी तिनेच ठरवली. रविवार खंडोबाचा, म्हणून रविवारी घोडा वर. बाकीचे सहा दिवस म्हाळसा वर. मंदा म्हणाली, "आई, सहा दिवस?" सोजरा म्हणाली, "घरात काय निराळं चालतं?"

आज रविवार, म्हणून घोडा वर ठेवला. हळद वाहिली, फूल वाहिले. गंध उगाळून झाले आणि मी अनामिका भरून तसाच बसून राहिलो. मानेला लावावे तर देव अवघडतो. पायाशी लावावे तर साहेब त्या दिवशी जाताना म्हणाले होते, जे उरले आहे त्याला तरी आता हात लावू नका. मी सोजराकडे पाहिले.

"लावा की पायाशीच," ती म्हणाली. "अजून तीन आकडे आहेत."